सर्कशीची आगगाडी आणि तिचे अनाम वाहक

सर्कशीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर बहुतांशी तंबूच्या आतला इतिहास लिहिला आहे. वाघासमोर चाबूक घेऊन उभा राहणारा मास्तर, झुल्यावरून झेपावणारी मुलगी, विदूषक आणि ह्या सर्वांच्या वर मिशीला पीळ देणारा मालक, एवढीच माणसे त्या इतिहासात ठळकपणे दिसतात. पण पहाटे ओसाड असलेल्या मैदानावर दुपारपर्यंत तंबूंचे गाव उभे राहते आणि मध्यरात्री तेच मैदान पुन्हा ओसाड होते, हे कोणाच्या बळावर घडते? हजाराहून अधिक माणसे, शेकडो घोडे, हत्तींचा कळप, पिंजरे, खांब, कनात आणि भटारखाना एका रात्रीत एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेऊन ठेवणारे हात कोणाचे होते? हा प्रश्न विचारला की सर्कशीचा इतिहास करमणुकीपुरता उरत नाही. तो श्रमाचा, वर्णाचा आणि माणसाच्या नावाचा इतिहास होतो. आपल्या वाचकांपुढे अमेरिकेतील सर्कशीच्या आगगाडीचा हा इतिहास मांडण्याचे कारणही तेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील सर्कशी घोडागाड्यांनी फिरत. रात्रभर चिखलातून वाट काढीत एका गावाहून पुढच्या गावी जायचे, सकाळी खेळ लावायचा आणि पुन्हा रात्री निघायचे, असा तो क्रम होता. घोडे जेवढे चालतील तेवढाच पल्ला गाठता येई. त्यामुळे वाटेत लागेल त्या लहानशा वस्तीतही खेळ करावा लागे आणि जेथे गर्दी जमेल अशा मोठ्या शहरांना गाठण्यात दिवसचे दिवस जात. रेल्वे आली तेव्हा सर्कसवाल्यांना तिचा मोह होणे स्वाभाविक होते. पण मोह आणि सोय ह्यांत अंतर होते. पहिली अडचण रुळांचीच होती. निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या मापांचे रूळ टाकले होते. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालेलच ह्याची खात्री नसे. १८५६ साली स्पाल्डिंग आणि रॉजर्स ह्यांच्या सर्कशीने आसावर चाके सरकवता येतील असे डबे वापरून ह्यातून मार्ग काढण्याचा यत्न केला. दक्षिणेकडील राज्यांतील रुळांचे माप तर १८८६ सालच्या मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी, अवघ्या दोन दिवसांत, हजारो मैलांवर एकदम बदलण्यात आले. त्यासाठी रूळ उखडून पुन्हा ठोकणारे हजारो मजूर एकाच वेळी कामाला लावावे लागले. त्या मजुरांचीही नावे आपणांस ठाऊक नाहीत.

दुसरी अडचण चढवण्या-उतरवण्याची. सर्कशीचे सामान म्हणजे पोती किंवा पेट्या नव्हेत. ते चाकांच्या अवजड गाड्यांवरच भरलेले असते, कारण स्थानकापासून मैदानापर्यंत त्याच गाड्या घोड्यांनी ओढून न्यायच्या असतात. ह्या गाड्या मालवाघिणीवर बाजूने उचलून चढवायच्या म्हणजे अमानुष कष्ट, आणि वेळही अतोनात. १८७२ साली पी. टी. बार्नम ह्याच्या नावाने चालणाऱ्या सर्कशीचा भागीदार आणि व्यवस्थापक विल्यम कॅमेरॉन कूप ह्याने संपूर्ण सर्कस रेल्वेने नेण्याचा निर्णय घेतला. आरंभी त्याला रेल्वे कंपनीच्या भाड्याच्या वाघिणींवर काम भागवावे लागले. त्यांची उंची सारखी नव्हती, लांबी सारखी नव्हती आणि ब्रेकची उभी चाके मधेच आडवी येत. तेव्हा त्याने सर्कशीच्या मालकीच्या, एकाच मापाच्या सपाट वाघिणी बनवून घेतल्या.

त्याची पद्धत अशी होती. सपाट वाघिणी एकापुढे एक लावायच्या, दोन वाघिणींमधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकायचे आणि सर्वांत टोकाच्या वाघिणीला उतरती फळी लावायची. म्हणजे संपूर्ण गाडी हा एक लांबच लांब रस्ता होतो. सामानाची गाडी फळीच्या तळाशी आणायची, तिला दोरखंड बांधायचा आणि तो रुळांच्या बाजूने चालणाऱ्या घोड्यांच्या जोडीने ओढायचा. गाडी वर चढते आणि पत्र्यांवरून पुढे सरकत आपल्या जागी जाते. एक माणूस तिची पुढची दांडी धरून तिला दिशा देतो. दुसरा चाकाखाली लाकडी पाचर घेऊन तयार असतो. उतरवताना गाडी स्वतःच्या वजनाने घसरू नये म्हणून दोरखंड एका खुंटाला वेढे देऊन हळूहळू सैल करतात. कोणती गाडी कोणत्या वाघिणीवर आणि कितव्या क्रमाने चढवायची हे सकाळी कोणती वस्तू आधी लागणार त्यावरून ठरवलेले असे. ही पद्धत पुढे अमेरिकेतील सर्व मोठ्या सर्कशींनी उचलली आणि जवळजवळ शंभर वर्षे ती टिकली.

ह्या पद्धतीचे गुणगान पुष्कळ झाले आहे. पण तिच्यातील दांडी धरणाऱ्या माणसाकडे आपण क्षणभर पाहिले पाहिजे. कित्येक टनांची गाडी अंधारात, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, पावसाने निसरड्या झालेल्या फळीवरून येत आहे. तिचे एक चाक अडले की दांडी झटक्याने बाजूला फिरते आणि ती धरणाऱ्याच्या बरगड्या मोडते किंवा त्याला वाघिणीवरून खाली फेकते. दोरखंड तुटला तर गाडी त्याच्याच अंगावर येते. सर्कशीत सिंहाच्या पिंजऱ्यात शिरणाऱ्याला शूर म्हणतात, त्याचे चित्र गावोगावच्या भिंतींवर लागते. दांडी धरणारा रोज रात्री तेवढाच धोका पत्करीत होता. त्याचे चित्र कोणत्याही भिंतीवर लागले नाही.

कूपच्या पद्धतीने सर्कशीचे अर्थकारण बदलले. आता रात्रीतून शंभर मैल जाता येऊ लागले. लहान गावे वगळून मोठी शहरे पकडता आली. आसपासच्या खेड्यांतून प्रेक्षक आणणाऱ्या खास गाड्या सोडण्याचे करार रेल्वे कंपन्यांशी होऊ लागले. उत्पन्न वाढले तशा सर्कशी फुगत गेल्या. १८८४ साली विस्कॉन्सिन राज्यातील बाराबू येथे घोडागाड्यांवर सुरू झालेली रिंगलिंग बंधूंची सर्कस १८९० साली रुळांवर आली. १९०७ साली त्यांनी बार्नम आणि बेली सर्कस विकत घेतली आणि १९१९ साली दोन्ही एकत्र केल्या. १९२० नंतरच्या दशकात ह्या एकत्रित सर्कशीचे सुमारे शंभर डबे चार स्वतंत्र गाड्यांतून धावत. १९४७ साली ही संख्या १०८ वर गेली.

एवढा डोलारा हलवण्याचे वेळापत्रक घड्याळाच्या काट्यावर चालत असे. पहिली गाडी पहाटे पोहोचे. तिच्यात भटारखाना असे, कारण माणसांना आधी खायला घातल्याशिवाय कामाला जुंपता येत नाही. मागून तंबू, खांब आणि बाके घेऊन दुसरी गाडी येई. कलावंतांच्या झोपण्याचे डबे सर्वांत शेवटी येत. घणांच्या तालावर शेकडो मेखा जमिनीत ठोकल्या जात, दुपारपूर्वी मोठा तंबू उभा राही, दोन वाजता पहिला खेळ आणि रात्री आठला दुसरा. रात्रीचा खेळ चालू असतानाच प्राण्यांचा तंबू उतरवून पिंजरे स्थानकाकडे निघालेले असत. प्रेक्षक टाळ्या वाजवून बाहेर येत तेव्हा त्यांनी सकाळी पाहिलेले निम्मे गाव नाहीसे झालेले असे. बार्नम आणि बेली सर्कस १८९७ ते १९०२ ह्या काळात युरोपात फिरली. तेथील बोगदे आणि पूल अमेरिकेतल्यापेक्षा अरुंद व ठेंगणे असल्याने तिच्यासाठी इंग्लंडमध्ये वेगळ्या मापाचे डबे बांधावे लागले. जर्मनीत तर लष्करी अधिकारी तिच्या चढवण्या-उतरवण्याच्या नोंदी घेत असत, असे सर्कशीच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. फौज हलवण्याचे शास्त्र त्यांना सर्कशीच्या हमालांकडून शिकायचे होते.

आता त्या गाडीच्या आत डोकावू. गाडी एक होती, पण तिच्यात एक समाज नव्हता. मालकाचा स्वतंत्र डबा दिवाणखान्यासारखा सजवलेला असे. नामांकित कलावंतांना खोल्या मिळत. सामान्य कलावंतांना बर्थ मिळे. मजुरांच्या डब्यांत एकावर एक तीन थर असत आणि एकेका फळीवर दोन-दोन माणसे झोपत. भटारखान्यातही पंक्ती वेगळ्या होत्या, कलावंतांची एक आणि मजुरांची दुसरी. आणि मजुरांतही काळ्यांचे डबे वेगळे, काळ्यांची मेजे वेगळी. गाड्या चढवणे, मेखा ठोकणे, तंबू ओढणे अशा अंगमेहनतीच्या कामांवर कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. रिंगणातले मानाचे स्थान मात्र त्यांना बंद होते. पी. जी. लोवेरी हा त्या काळातला नामवंत कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक आणि बँडमास्तर. १८९९ सालापासून त्याचा बँड मोठमोठ्या सर्कशींबरोबर फिरला, पण त्याची जागा मोठ्या तंबूत नसून बाजूच्या लहान तंबूत होती. मोठ्या तंबूतला बँड गोऱ्यांचा होता. वाद्य तेच, स्वर तेच, फक्त फुंकणाऱ्याचा वर्ण वेगळा होता.

कोणी म्हणेल, हा त्या काळचा रिवाज होता. रिवाज होताच, आणि त्याला कायद्याचा पाठिंबाही होता. त्या पाठिंब्याचा जन्मच रेल्वेच्या डब्यात झाला हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. ७ जून १८९२ रोजी लुईझियाना राज्यात होमर प्लेसी हा गृहस्थ गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या डब्यात जाणूनबुजून बसला आणि त्याला अटक झाली. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि 'वेगळे पण समान' ह्या ढोंगी सूत्राला पुढील अर्धशतकाहून अधिक काळ मान्यता मिळाली. १९१४ साली त्याच लुईझियानाने सर्कशींसाठी खास कायदा केला. गोऱ्यांची आणि काळ्यांची तिकिटांची खिडकी वेगळी, आत जाण्याची वाट वेगळी, बाहेर येण्याची वाटही वेगळी, आणि त्यांच्यामध्ये निदान पंचवीस फुटांचे अंतर! पाणवठ्यावरचे अंतर हातांनी मोजणाऱ्या देशातील वाचकांना ह्या पंचवीस फुटांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्थेच्या संदर्भात दाखवून दिले. सर्कशीची आगगाडी हे ह्या भेदाचे उत्तम उदाहरण आहे. कोणी दांडी धरावी, कोणी दोर ओढावा, कोणी स्वयंपाक करावा ही कामाची वाटणी झाली. तिच्यावाचून एवढे मोठे काम एका रात्रीत झालेच नसते. पण दांडी धरणाऱ्याने कोठे झोपावे, कोठे जेवावे आणि आयुष्यभर दांडीच धरावी की कधीतरी रिंगणात यावे, हे त्याच्या कातडीवरून ठरू लागले तेव्हा ती माणसांची वाटणी झाली. गाडी वेळेवर पोहोचण्यासाठी पहिली आवश्यक होती. दुसरीची गाडीला काहीच गरज नव्हती. ती मालकाच्या सोयीची होती, कारण वेगवेगळ्या मेजांवर जेवणारे मजूर एकत्र येऊन मजुरी मागत नाहीत.

आणि मजुरीची कथाही ऐकण्यासारखी आहे. अनेक सर्कशी मजुराच्या पगाराचा काही भाग हंगाम संपेपर्यंत आपल्याकडेच अडकवून ठेवीत. मजूर मधेच निघून गेला तर तो भाग बुडाला. इतकेच नव्हे तर नको असलेल्या, विशेषतः थकलेला पगार मागणाऱ्या मजुराला रात्री धावत्या गाडीतून ढकलून देण्याचा प्रकारही सर्कशींत घडत असे. सर्कशीच्या बोलीत ह्या प्रकाराला 'लाल दिवा दाखवणे' असे नाव होते, कारण खाली पडलेल्या माणसाला दूर जाणाऱ्या गाडीच्या शेपटीचा लाल दिवा तेवढा दिसत असे. ज्या अत्याचाराला बोलीभाषेत नाव मिळते तो अपवादाने घडत नसतो.

रेल्वेने वेग दिला तसा मृत्यूही दिला. १५ सप्टेंबर १८८५ रोजी कॅनडातील सेंट टॉमस येथे खेळ आटोपून आपल्या डब्याकडे नेला जात असताना जंबो हा जगप्रसिद्ध हत्ती मालगाडीखाली सापडून मेला. त्याचे कातडे भरून त्याचा पुतळा करण्यात आला, सांगाडा जपून ठेवण्यात आला आणि दोन्ही सर्कशीबरोबर फिरवून मालकाने मेलेल्या हत्तीवरही पैसे मिळवले. जंबोचे नाव आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ७ ऑगस्ट १९०३ रोजी मिशिगन राज्यातील ड्युरँड येथे वॉलेस सर्कशीची मागची गाडी उभ्या असलेल्या पुढच्या गाडीवर आदळली. ब्रेक लागले नाहीत असे ड्रायव्हरने सांगितले. वीसहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या काहींची ओळखच पटली नाही आणि त्यांना तेथेच बेनाम पुरण्यात आले.

सर्वांत भीषण अपघात २२ जून १९१८ च्या पहाटे इंडियाना राज्यात हॅमंड गावाजवळ झाला. हॅगनबेक-वॉलेस सर्कशीच्या गाडीत आसाची पेटी तापल्यामुळे ती थांबवली होती. मागचे डबे मुख्य रुळावरच होते. मागून सैनिकांची ने-आण करणारी रिकामी गाडी आली. तिचा ड्रायव्हर झोपी गेला होता. सिग्नल आणि इशाऱ्याचे दिवे ओलांडून ती झोपलेल्या माणसांच्या लाकडी डब्यांत घुसली. डब्यांत तेलाचे दिवे होते. क्षणात आग लागली. सुमारे ८६ माणसे मेली, शंभराहून अधिक जखमी झाली. सरकारी चौकशीत ड्रायव्हरची झोप हे कारण ठरले, आणि डबे पोलादी असते तर इतकी हानी झाली नसती हेही पुढे आले. सैनिकांच्या गाडीचे डबे पोलादी होते आणि मजुरांचे लाकडी, ह्यात कोणाचा जीव किती मोलाचा ह्याचा हिशेब आपोआप झालेला होता.

शिकागोजवळ फॉरेस्ट पार्क येथील वुडलॉन दफनभूमीत ह्या अपघातातील पन्नासहून अधिक मृतांना पुरले आहे. त्यांतील बहुतेकांच्या दगडांवर 'अनोळखी पुरुष' किंवा 'अनोळखी स्त्री' एवढेच कोरलेले आहे. एकावर 'टकल्या' अशा अर्थाचे टोपणनाव आहे, एकावर 'हसरा' अशा अर्थाचे, आणि एकावर 'चार घोड्यांची गाडी हाकणारा' असा धंदा. काही मजूर सर्कशीत येऊन जेमतेम एक-दोन दिवस झाले होते. त्यांचे खरे नाव विचारून लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. कामापुरते टोपणनाव पुरेसे होते, म्हणून मरणानंतरही तेच उरले. इतर सर्कशींनी कलावंत उसने दिले आणि थोडेच खेळ बुडवून हॅगनबेक-वॉलेस सर्कस पुढच्या गावी खेळ करू लागली. वेळापत्रक मोडले नाही.

कायद्याने तरी ह्या माणसांची काळजी घेतली का? सामान्य प्रवाशाला किंवा सामान्य मालाला इजा झाली तर रेल्वे कंपनी जबाबदार, हे तत्त्व होते. पण सर्कशीचे डबे तिचे स्वतःचे असत. रेल्वे केवळ इंजिन आणि माणसे पुरवी, आणि अपघाताची जबाबदारी आपल्यावर नाही असे करारात लिहून घेई. ज्या कूपने ही पद्धत बसवली त्याच्याच गाडीला पुढे अपघात झाला आणि तो कोर्टात गेला. १८८५ साली, म्हणजे जंबो मेला त्याच वर्षी, मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा खास करारात रेल्वे कंपनी सार्वजनिक वाहक ठरत नाही, सबब सार्वजनिक वाहकाची जबाबदारी तिच्यावर येत नाही. नंतरच्या खटल्यांतही न्यायालयांनी हीच वाट धरली. मालकाच्या नुकसानीचेच जेथे असे झाले, तेथे त्याच गाडीत झोपलेल्या मजुराच्या जिवाची दाद कोण घेणार? करार दोन धनवंतांत होत असे. ज्याचा जीव पणाला लागे, त्याची त्यावर सही नसे.

पण रुळांवरच्या अपघातापेक्षा भयंकर अशी एक घटना ह्या गाडीच्या इतिहासात आहे, आणि ती अपघात नव्हती. १४ जून १९२० रोजी जॉन रॉबिन्सन सर्कस मिनेसोटा राज्यातील डुलुथ शहरात एका दिवसासाठी आली. रात्री नेहमीप्रमाणे मजूर तंबू उतरवून गाड्या चढवीत होते. त्याच रात्री एका गोऱ्या तरुण जोडप्याकडून आरोप आला की सर्कशीच्या काळ्या मजुरांनी मुलीवर बलात्कार केला. पोलिसांनी सर्कशीची गाडी अडवली आणि सुमारे दीडशे कृष्णवर्णीय मजुरांना रुळांच्या कडेला ओळीने उभे केले. ज्यांच्यामुळे रोज रात्री गाडी सुटत असे, त्यांच्यातून गुन्हेगार निवडायचा होता. खात्रीने कोणी ओळखता येईना. तरी सहा जणांना धरून नेले आणि गाडी पुढच्या गावी रवाना झाली. मुलीला तपासणाऱ्या डॉक्टरला बलात्काराची कसलीही खूण आढळली नाही. १५ जूनच्या संध्याकाळी हजारो गोऱ्यांचा जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. बंदुका वापरू नका असा पोलिसांना हुकूम होता. जमावाने कोठडी फोडली, न्यायाचे सोंग केले आणि एलियास क्लेटन, एल्मर जॅक्सन व आयझॅक मॅगी ह्या विशीच्या आसपासच्या तीन मजुरांना भर चौकात दिव्याच्या खांबाला फाशी दिले. प्रेतांशेजारी उभे राहून गोऱ्यांनी छायाचित्र काढून घेतले आणि त्याची पोस्टकार्डे विकली गेली.

खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. दंगलीबद्दल तिघांना झाली, तीही अल्प. उलट मॅक्स मेसन ह्या सर्कशीच्याच कृष्णवर्णीय मजुराला त्या न झालेल्या गुन्ह्याबद्दल तुरुंगात टाकण्यात आले. आरोपी मजुरांच्या बचावासाठी कृष्णवर्णीयांची संघटना उभी राहिली, आणि नेली फ्रान्सिस ह्या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने चालवलेल्या चळवळीमुळे १९२१ साली मिनेसोटात झुंडबळीविरोधी कायदा झाला. त्या तिघांच्या थडग्यांवर मात्र १९९१ पर्यंत दगडही नव्हता. २००३ साली डुलुथमध्ये त्यांचे स्मारक झाले आणि २०२० साली, म्हणजे पूर्ण शंभर वर्षांनी, मेसनला मरणोत्तर माफी मिळाली. न केलेल्या गुन्ह्याची माफी!

ह्या घटनेचा आणि रेल्वेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. सर्कशीचा मजूर रोज नव्या गावी असतो. गावात त्याला ओळखणारा, त्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. गावाला त्याचे श्रम एका दिवसापुरते हवे असतात, पण त्याचे अस्तित्व संशयास्पद वाटते. गाडी त्याला गावाच्या हद्दीत आणून सोडते आणि पुढच्या वेळापत्रकासाठी निघून जाते. ह्याच प्रकारचा अनुभव आपल्या इतिहासातही आहे. १९०१ साली बालवयातील भीमराव आपल्या भावंडांसह मसूर स्थानकावर उतरले. आगगाडीने त्यांना विनातक्रार आणले होते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि गाडीवान मिळेना. रूळ जात पाहत नाहीत हे खरे, पण रूळ स्थानकाशी संपतात.

तथापि हा इतिहास केवळ सोसण्याचा नाही. १९३७ साली रिंगलिंग सर्कशीच्या मजुरांनी संघटनेद्वारे मालकाशी करार करून घेतला. पुढच्याच वर्षी मालकाने पगारात चतुर्थांश कपात मागितली. जून १९३८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे मजुरांनी नकार दिला. तंबू उतरेना, गाड्या चढेनात. जगातली सर्वांत मोठी सर्कस जागच्या जागी थांबली आणि अखेर तिला ऐन हंगामात फ्लोरिडातील आपल्या मुक्कामी परत जावे लागले. वाघ, सिंह, हत्ती, कलावंत सर्व जागेवर होते. फक्त दांडी धरणारा हात मागे घेतला गेला होता. सर्कस कोणाच्या बळावर चालते ह्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मालकालाही मिळाले. आणखी एक उदाहरण एफ्राइम विल्यम्स ह्याचे. ह्या कृष्णवर्णीय माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनमध्ये स्वतःची सर्कस काढली, आणि पुढे स्वतःच्या तंबूतल्या नाट्यमंडळीला दक्षिणेत गावोगाव नेले. दुसऱ्याची गाडी चढवण्यापुरतीच आपली लायकी नाही हे त्याने कृतीने सिद्ध केले.

१६ जुलै १९५६ रोजी पिट्सबर्ग येथे रिंगलिंग सर्कशीने तंबूतला शेवटचा खेळ केला. पुढे ती बंदिस्त सभागृहांत खेळ करू लागली. मेखा आणि तंबू गेले, तसे ते ठोकणारे शेकडो मजूरही गेले. काही वर्षे मोटारींनी फिरल्यावर १९६० साली ती पुन्हा रेल्वेवर आली आणि २१ मे २०१७ रोजी बंद होईपर्यंत तिच्या मैलभर लांबीच्या गाड्या धावत राहिल्या. २०२३ साली ती प्राण्यांशिवाय पुन्हा सुरू झाली, पण ती आगगाडी आता नाही. प्राण्यांच्या हालांबद्दल जगाने आवाज उठवला हे योग्यच झाले. माणसांच्या हालांबद्दल तेवढा आवाज त्या दीडशे वर्षांत उठला नाही, ही नोंद मात्र केली पाहिजे.

मराठी वाचकाला ह्या गाडीतले एक नाव परिचयाचे आहे. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे १९४० पासून रिंगलिंग सर्कशीत हिंस्र प्राण्यांचे खेळ करीत होते. त्यांचा आपल्याला अभिमान आहे. विष्णुपंत छत्रे ह्यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस काढली, त्यांच्यानंतर देवलांची सर्कस निघाली, ह्याही गोष्टी आपण पाठ्यपुस्तकासारख्या सांगतो. पण आपल्याकडे पुणे, कुर्डुवाडी, मिरज अशा ठिकाणी रुळांचे माप बदलत असे. मोठ्या रुळावरच्या वाघिणीतला माल उतरवून लहान रुळावरच्या वाघिणीत भरावा लागे. सर्कशी त्या वाटांनी गेल्या तेव्हा ते पिंजरे, ते खांब, ते तंबू कोणी वाहिले? ते हमाल कोणत्या वस्तीतून आले, फलाटावर त्यांना पाणी कोण देत असे, पिंजरा निसटून पाय मोडला तर पुढे त्यांच्या घरात चूल कशी पेटली? छत्रे-देवलांच्या चरित्रांत ही माणसे आपणांस भेटत नाहीत. त्यांना शोधायचे तर जुन्या स्थानकांजवळच्या वस्त्यांत, हमालांच्या आणि तंबू ठोकणाऱ्यांच्या घरांत जावे लागेल. त्यांची नातवंडे आज आपल्या महाविद्यालयांत शिकत आहेत. हे काम त्यांचे आहे आणि त्यांच्या शिक्षकांचे आहे.

बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. दोन समाजांची ही ओळख नेत्यांच्या पत्रांपुरती आणि संघटनांच्या नावांपुरती राहू नये. फॉरेस्ट पार्कच्या दफनभूमीतला 'चार घोड्यांची गाडी हाकणारा' आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर पाठीवर खांब घेऊन उभा राहिलेला हमाल ह्यांचीही ओळख व्हायला हवी. कामापुरते टोपणनाव आणि मेल्यावर 'अनोळखी' अशी जी नोंद इतिहासाने दोघांचीही केली, ती दुरुस्त करण्यासाठी दोघांच्या वारसांनी एकमेकांचा इतिहास वाचला पाहिजे. आणि जेथे तो लिहिलेलाच नाही, तेथे तो आपण लिहिला पाहिजे.